जुन्या गाडीच्या लेदर सीटा घरी रंगवायच्या तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बाबांची २०१० ची अकॉर्ड आता तू चालवायला घेतलीस. आतल्या सीटा बेज लेदरच्या. त्यांतल्या ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड पार उडाली आहे, तिथे भेगाही पडल्यात. बसायच्या जागेवर जीन्सची निळी झाक चढलीय आणि हेडरेस्ट काळं-चिकट झालंय. एका सीट कव्हरवाल्याने सगळं उचकटून ‘प्युअर लेदर’ घालून देतो म्हणत अठरा हजार सांगितले. तर काका, हे घरी करता येईल का, आणि खोबरेल तेलाने लेदर परत मऊ होतं हे खरं का?

घरी करता येईल. तेल मात्र लावू नकोस. लावून बसली असशील तर ते आधी सांग, कारण मग दोन दिवसांचं काम चार दिवसांवर जातं.

मी बावीस वर्षं इंदूर-देवास अप-डाऊन केलं, तिथल्या एका टॅनरीत (कातडं कमावण्याच्या कारखान्यात) फिनिशिंगच्या खात्यात. कमावलेल्या कातड्यावर रंगाचे आणि चमकेचे थर चढवणं हेच काम. त्यामुळे सीटवाले आणि आम्ही एकाच वस्तूकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. लोकांना वाटतं, सीटचा रंग म्हणजे कातड्याचा रंग. गाडीच्या लेदरमध्ये तसं नसतं. कातडं साधारण एक-सव्वा मिलिमीटर जाड, बहुधा क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं. त्याच्यावर रंगद्रव्य घातलेला अॅक्रिलिक-पॉलियुरेथेनचा थर, आणि त्याच्यावर बिनरंगी टॉप कोट. हे सगळे थर मिळून मिलिमीटरचा विसावा-तिसावा भाग भरतात. तू रोज हात लावतेस, पुसतेस आणि ज्याच्यावर बसतेस तो हा पापुद्रा आहे. खालच्या कातड्याला तुझा हात गेल्या चौदा-पंधरा वर्षांत लागलेलाच नाही. लागला असेल तर फक्त त्या उडालेल्या कडेवर.

म्हणून घासून गेलेली सीट ‘कोरडी’ पडलेली नसते, तिचा पापुद्रा गेलेला असतो. तेल हे कातड्याच्या तंतूंसाठी. शाबूत पापुद्र्यातून ते आत जाणार नाही, वरच राहून धूळ धरेल. आणि जिथे पापुद्रा फाटलाय तिथे ते आत शिरेल, कातडं काळवंडेल, मग त्या जागेवर नवा रंग धरणार नाही. तेलकट भिंतीवर डिस्टेंपर मारून बघ म्हणजे कळेल. सरसोंचं तेल, व्हॅसलीन, बुटाचं पॉलिश यांचंही तेच. बुटाचं पॉलिश तर वर तुझ्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरेल.

आता त्या अठरा हजारांबद्दल. पाच जणांच्या गाडीला अठरा हजारांत खरं कातडं बसत नाही. बाजारात ‘प्युअर’, ‘नापा’, ‘आर्ट लेदर’ अशी नावं लावून जे विकतात ते बहुतेक चांगल्या प्रतीचं रेक्झिन असतं. रेक्झिन वाईट नसतं, टॅक्सीवाल्याला मी तेच सांगेन. पण तू खरं कातडं काढून रेक्झिन घालायला पैसे देणार आहेस, हे माहीत असू दे.

तुझ्याही गाडीत सगळं कातडं नाही, बरं का. बहुतेक कंपन्या पाठ आणि मांडी टेकते तेवढ्याच भागाला लेदर लावतात. सीटच्या मागची बाजू, खालचा पडदा, दाराची पट्टी हे जुळत्या रंगाचं रेक्झिन असतं. ओळखायचं कसं? सीटखाली हात घालून कापलेली कड शोध. कातड्याची कड तंतूंची, सुईडसारखी (मखमली कातड्यासारखी) लागते. रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. दुसरी खूण म्हणजे दाणा, म्हणजे वरची बारीक नक्षी. कातड्यावर बोट दाबलं की आजूबाजूला बारीक सुरकुत्या फुटतात, रेक्झिन नुसतं खाली दबतं. हे आधी ठरवून घ्यायचं कारण एवढंच, की कातड्याला चालणारा स्पिरिटचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) जोरदार हात रेक्झिनला चालत नाही, ते चिकट होऊन बसतं. रंग मात्र दोघांवर तोच धरतो.

आणखी एक, आणि हे हसण्यावारी न्यायचं नाही. सीटच्या पाठीला, दाराकडच्या शिवणीवर एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली असेल तर त्या शिवणीला हात लावायचा नाही. तिच्यात लांबी (पुट्टी) भरायची नाही, गोंद नाही, जाड रंग नाही, आणि उसवली असेल तर घरी दोरा घालायचा नाही. अपघातात ती शिवण ठरल्याप्रमाणे फाटून एअरबॅग बाहेर यायची असते. त्या रेषेवर ब्रशने पातळ रंगाचा एक हात, बस्स. सीट बाहेर काढून काम करायचा मोहही टाळ. सीटखाली एअरबॅगची पिवळी कनेक्टरं असतात. काढायचीच वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून मी दहा मिनिटं थांबतो, मगच हात घालतो, आणि सीट परत जोडेपर्यंत किल्ली फिरवत नाही. तुझ्या कामाला सीट काढायची गरज नाही. हेडरेस्ट निघतात तेवढे काढ, सीट पूर्ण मागे घे, पाठ आडवी कर, प्लास्टिकला मास्किंग टेप लाव आणि खाली जुनी चादर अंथर.

आता सफाई. खरं काम हेच आणि कंटाळवाणंही हेच, म्हणून सगळे इथेच घाई करतात. मीही केली होती. २००३ मध्ये मेव्हण्याच्या गाडीच्या सीटा रंगवायला घेतल्या. टॅनरीत रोज शेकडो फूट कातडं हाताखालून जात होतं, दोन सीटांचं काय एवढं, असा माज. गाडी दर रविवारी वॉशिंग सेंटरला जायची आणि तिथली पोरं डॅशबोर्डचं चकाचक पॉलिश सीटांवरही फासायची. त्यात सिलिकॉन असतं. मी एकदा ओल्या फडक्याने पुसलं आणि रंग मारला. डोळ्यांदेखत रंग फाटत गेला, जागोजागी माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं. शहाण्या माणसाने तिथेच थांबून सगळं पुसून काढलं असतं. मी त्यावर आणखी तीन हात चढवून भोकं झाकली. पुढच्या एप्रिलमध्ये बहीण उन्हात तापलेल्या सीटवर बसली आणि उठली तेव्हा दुधावरची साय निघावी तसा तो थर तिच्या साडीला चिकटून आला. तेव्हापासून मेव्हणा मला ‘पेंटरबाबू’ म्हणतो.

तर क्रम असा ठेव. आधी व्हॅक्यूम, शिवणींच्या खोबणीत बारीक नळी घालून. रंगपंचमीच्या गेरमधून (इंदूरच्या मिरवणुकीतून) कोणी तसंच गाडीत येऊन बसलं असेल आणि शिवणीत गुलाल राहिला असेल, तर तो कोरडाच ओढून काढ. पाणी लागलं की तो बेजवर कायमचा बसतो. मग लेदर क्लीनर. बाटलीवर पीएच न्यूट्रल किंवा किंचित आम्लधर्मी लिहिलेलं असावं. क्रोमचं कातडं मुळात आम्लधर्मी असतं, पीएच चारच्या आसपास. कपड्यांचा साबण, खाण्याचा सोडा हे अल्कली. एका दिवसात काही दिसणार नाही, पण वारंवार वापरले की उघडं पडलेलं कातडं कडक होत जातं.

क्लीनर सीटवर ओतायचा नाही. वाटीत घेऊन दाढीच्या जुन्या ब्रशने फेस काढ आणि तो फेस एक-एक वीतभर जागेवर गोल गोल फिरव. मळ सुटला की लगेच मायक्रोफायबरने टिपून घे, पुसत फिरवू नकोस. पाणी जितकं कमी तितकं बरं, विशेषतः बसायच्या जागेला बारीक छिद्रं असतील तर. आतला फोम भिजला तर आठवडाभर गाडीत ओल्या गोणपाटाचा वास येईल. फडक्यावर करडा रंग यायचा थांबेपर्यंत हे करायचं. तुझ्या सीटला तीन फेऱ्या लागतील असं धरून चाल.

हेडरेस्टला तीन पुरणार नाहीत. आपल्याकडे डोक्याला तेल लावून ऑफिसला जाणारी पिढी अजून आहे, तुझे बाबा त्यांतलेच. ते तेल आणि घाम वर्षानुवर्षं पापुद्र्यात मुरतो, पापुद्रा फुगून मऊ पडतो, नखाने खरवडला तर लोण्यासारखा निघतो. त्याच्यावर कितीही चांगला रंग चढव, महिन्याभरात तो सुटणार. तिथे मऊ झालेला जुना थर खालपर्यंत काढूनच टाकावा लागतो: स्पिरिट लावलेलं फडकं, मग खरवडणं, मग परत स्पिरिट. उघडं कातडं दिसलं तरी घाबरू नकोस. त्यानंतर खडूची पूड किंवा मुलतानी माती कोरडीच चोळून रात्रभर ठेव, तेल वर ओढून घेते. सकाळी झटक. पूड पिवळी झाली असेल तर आणखी एक रात्र.

स्पिरिट म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन भाग ते आणि एक भाग पाणी. पांढऱ्या सुती फडक्यावर घेऊन सगळी सीट जोर लावून पुस. फडक्यावर थोडा बेज रंग उतरेल. तो उतरायलाच हवा, कारण जुना टॉप कोट थोडा उघडल्याशिवाय नवा थर धरत नाही. पुसून झाल्यावर सीटची चमक जाऊन ती मंद, खडूसारखी दिसली की समज जमलं. जिथे अजून चकाकतं तिथे अजून काही तरी बसलेलं आहे. चारही दारं उघडी ठेव आणि वाफ पुरती उडेपर्यंत जवळ ड्रायर चालवू नकोस, ते पेट घेणारं द्रव्य आहे. रेक्झिनच्या भागावर फडकं फक्त ओलसर असू दे. आणि पेंटरच्या थिनरला हात लावायचा नाही. तो कातड्याचा रंग तळापर्यंत विरघळवतो आणि रेक्झिनची तर राखच करतो.

जीन्सचा निळा डाग स्पिरिटने निम्मा जाईल, निम्मा राहील. राहिलेला नुसत्या रंगाने झाकता येत नाही, ती नीळ हळूहळू नव्या थरातून वर झिरपते. त्या जागेवर रंगाआधी बाइंडरचे (दुधाळ, बिनरंगी अॅक्रिलिकचे) दोन पातळ हात देऊन तिची वर यायची वाट बंद करायची.

मग घासणं. सियागंज बाजारात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळेल, चारशे आणि सहाशे नंबरचा घे. शाबूत भागावर सहाशेने हलकेच, इतकं हलकं की दाणा जाऊ नये. कडेवर जिथे भेगांचे ओठ वर आलेत तिथे चारशेने ते ओठ बसव, मग सहाशे. नाव वॉटर पेपर असलं तरी उघड्या कातड्यावर कोरडाच वापर. ओलं घासलं की तंतू फुलतात आणि सीट टॉवेलसारखी दिसते.

आता ती कड. उघडं, सुईडसारखं झालेलं कातडं पाणी शोषतं. त्याला आधी बाइंडर पाजायचा. हे दुधासारखं पातळ अॅक्रिलिक असतं. ते स्पंजाने लावायचं, ड्रायरने सुकवायचं, पुन्हा लावायचं, असं चार-पाचदा. तंतू एकमेकांना धरतात आणि खालची जमीन घट्ट होते. पाण्याचा थेंब टाकून बघ, तो लगेच आत न जाता वर थांबला म्हणजे पुरे.

भेगांमध्ये लांबी भरायची ती फक्त लेदर फिलर नावाची, वाळल्यावरही रबरासारखी वाकणारी. डेंटर-पेंटर वापरतात ती बॉडीची पोटीन, एम-सील, फेविक्विक, यांतलं काहीही नाही. सराफ्याजवळच्या जुन्या दुकानांत आपल्या इंदूरचे कातड्याचे हत्ती-घोडे बघितले असशील. आता त्यांना जीआय टॅगही आहे. तारेचा सांगाडा, आत भराव, वरून पातळ कातडं घट्ट बसवलेलं आणि त्याच्यावर हाताने रंग. तो रंग वर्षानुवर्षं टिकतो, कारण घोडा कधी वाकत नाही. तुझ्या सीटची कड मात्र तू दर वेळी बसताना चेपतेस आणि उठताना सोडतेस. जे वाळून कडक होतं ते तिथे आठवडाभरही राहणार नाही. ही चूकही मी एकदा केली आहे. टॅनरीतल्या सवयीने सीटवर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर मारलं. सुरुवातीला काय चमक! पण त्यातला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू निघून जातो आणि मागे उरतो तो पिवळट, ठिसूळ पापड. दोन उन्हाळ्यांत सीटवर नर्मदेच्या सुकलेल्या गाळासारख्या चिरा.

फिलर जुन्या एटीएम कार्डाने भेगेत दाबायचा आणि वरचा सगळा निपटून घ्यायचा. एकदम जाड भरू नकोस. पातळ भर, सुकव, सहाशेने घास, परत भर. वाळताना तो बसतो, म्हणून तीन-चार फेऱ्या लागतात. भेगा पूर्ण नाहीशा करायच्या मागे लागू नकोस. फिलर जास्त झाला की दाणा बुजतो आणि ती जागा टायरच्या पंक्चरच्या ठिगळासारखी गुळगुळीत दिसते. पंधरा वर्षांच्या सीटला थोड्या सुरकुत्या शोभतात. आणि भेग आरपार असेल, आतला फोम दिसत असेल, तर फिलरचं कामच नाही. आतून सुती कापडाचं ठिगळ लवचीक गोंदाने चिकटवावं लागतं. शिवण उसवली असेल (एअरबॅगची सोडून) तर ती रंगाच्या आधी शिवून घे, जुन्याच भोकांतून, वाकड्या सुईने आणि जाड पॉलिस्टरच्या दोऱ्याने. नवी भोकं पाडलीस तर कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं फाटेल.

रंगाविषयी लिहायला मला सगळ्यात आवडतं, तेव्हा जरा लांबेल.

घ्यायचा तो पाण्यातला, रंगद्रव्य असलेला लेदर कलर. बूटवाल्यांकडे मिळणारा स्पिरिटचा डाय नको, तो उघड्या कातड्यात मुरण्यासाठी असतो. तुझ्या पापुद्र्यावर तो नुसता बसेल आणि घामाने उतरेल. पुढच्या दोन सीटांना पाव लिटर रंग पुरतो. तयार ‘बेज’ मागवलास तर तो तुझा बेज नसेल, हे लिहून ठेव. म्हणून पांढरा जास्त, आणि पिवडी, गेरू, काळा या छटांच्या छोट्या बाटल्या घे. छटा म्हणालो मी, रंगाच्या दुकानातली सुटी पिवडी-गेरूची पूड नव्हे. ती बाइंडरमध्ये दळलेली नसते, सीटवर खरखरीत कण राहतील.

कुठल्या रंगाशी जुळवायचं? याच्यावर लोक विचारच करत नाहीत. पाचही जागा रंगवणार असशील तर मूळ रंग शोध. हेडरेस्टच्या खालच्या बाजूला, मागच्या आर्मरेस्टच्या खाचेत तो सापडतो, जिथे ऊन गेलेलं नाही. पण फक्त ड्रायव्हरची सीट करणार असशील तर तो मूळ रंग तुला फसवेल. शेजारची सीट इतकी वर्षं ऊन खाऊन आजच्या रंगाला आली आहे. तुझी सीट तिच्याशी जुळायला हवी. शेजारची सीट आधी नीट साफ कर आणि मग तिच्याशी जुळव, नाहीतर तू बेजशी नाही, मळाशी जुळवत बसशील.

पांढऱ्यात आधी पिवडी, मग थेंबभर गेरू आणि शेवटी काळा, तोही काडीच्या टोकाने. काळा पिवळ्याला भेटला की हिरवट होतो, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का देतं. मिश्रण मुगाच्या डाळीसारखं हिरवट वाटलं तर गेरूचा एक थेंब ते परत आणतो. गुलाबी, बँडेजसारखं झालं तर गेरू जास्त झाला, पिवडी वाढव. आणि ओल्या रंगावर विश्वास ठेवू नकोस. बाइंडर दुधासारखा असतो, त्यामुळे ओलं मिश्रण फिकट दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. प्रत्येक वेळी सीटच्या आतल्या कोपऱ्यात बोटभर लाव, ड्रायरने सुकव आणि मग बघ. नाही जुळलं तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून टाक. बघायचं ते सकाळच्या सावलीत, गाडी बाहेर काढून. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेला रंग उन्हात वेगळाच निघतो, कारण कंपनीची रंगद्रव्यं वेगळी आणि तुझी वेगळी. दिव्याखाली दोन्ही सारखी दिसतात, सूर्यासमोर त्यांचं पितळ उघडं पडतं.

जुळला की गाळून घे, बायकांच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यातून. पुरेसा एकदाच कर. मध्ये संपला तर तोच रंग परत बनवणं तुझ्याच्याने होणार नाही. माझ्याच्यानेही होत नाही.

लावणं त्या मानाने सोपं. पहिला हात स्पंजाने, चोळून, शिवणींत आणि सुरकुत्यांत जाईल असा. एका हाताने कातडं ताणून सुरकुती उघड आणि दुसऱ्याने लाव. हा हात डागाळलेला आणि भयंकर दिसेल. घरातले लोक येऊन बघतील आणि ‘अरे देवा’ म्हणतील. दुर्लक्ष कर. ड्रायरने सुकव, हाताला सोसेल इतकाच गरम. नंतरचे हात थोपटत, स्पंज जवळजवळ कोरडा ठेवून. चार ते सहा पातळ हात लागतात. छिद्रांच्या भागावर स्पंजात अगदी थोडा रंग घे, आणि एखादं छिद्र बुजलं तर ओलं असतानाच टाचणीने उघड. एअरब्रश असेल तर शेवटचे दोन हात त्याने मार, स्पंजाचे ठसे मिटतात. नसेल तर मुद्दाम विकत घेऊ नकोस.

टॉप कोट मॅट किंवा सॅटिनच. गाडीचं कातडं नवं असतानाही चकचकीत नसतं. रंगवलेली सीट ओळखू येते ती बहुतेक वेळा रंगामुळे नव्हे, चमकेमुळे. मॅट करणारी पूड बाटलीच्या तळाशी बसते, म्हणून आधी नीट हलव. नाहीतर पहिली सीट चकचकीत आणि शेवटची खडूसारखी होईल. तीन पातळ हात, कडेवर आणि हेडरेस्टवर चौथा. काही टॉप कोटांबरोबर हार्डनरची लहान बाटली येते. त्याने थर घासायला आणि घामाला खूप चिवट होतो, पण मिसळल्यावर काही तासांत वापरावा लागतो आणि तो फुप्फुसाला वाईट असतो. हार्डनर घातलेला माल घरी फवारायचा नाही. हातमोजे घालून, उघड्यावर, स्पंजानेच लाव. फवारायचाच असेल तर कापडी मास्क चालत नाही, कार्बनच्या डब्यांचा हवा. मी घरी फवारत नाही.

वर हात लावायला टॉप कोट अर्ध्या तासात सुकलेला वाटेल. चोवीस तास बसू नकोस. आठवडाभर जीन्स घालून, खिशात किल्ल्या ठेवून घसरत आत शिरू नकोस, आणि दोन आठवडे क्लीनर लावू नकोस. थर आतून पक्का व्हायला तेवढा वेळ घेतो.

दिवस कधीचे धरायचे? सध्या थांब. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी ओली असते की हात सुकत नाहीत आणि टॉप कोट पांढरट धरतो. मेमध्ये उलटं, बंद गाडी भट्टी होते, रंग स्पंजावरच सुकतो आणि सीटवर संत्र्याच्या सालीसारखा बसतो. वर लूची (गरम वाऱ्याची) धूळ. दसऱ्यानंतर दिवाळीपर्यंत, किंवा फेब्रुवारीत. शनिवारी सफाई, घासणं, फिलर. रविवारी रंग आणि टॉप कोट. हेडरेस्ट त्याच्या आधीच्या आठवड्यात, तेवढंच. सगळ्या चुका त्याच्यावर करून घे. आवडलं नाही तर स्पिरिटने पुसून परत कर, लहान वस्तू आहे.

नंतर फार काही करायचं नाही. महिन्यातून एकदा पिळलेल्या ओल्या फडक्याने पूस, उन्हात गाडी उभी असेल तर काचेला पडदा लाव, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला आत ‘शाइन’ मारू देऊ नकोस. तो मारणारच, म्हणून स्वतः उभी राहून ‘भिया, अंदर कुछ मत लगाना’ सांग. बाबांसाठी हेडरेस्टवर एक सुती खोळ शिव, धुता येईल अशी. सीटवर टॉवेल टाकायची त्यांची सवय असेल तर ती चालू दे, फक्त टॉवेल आठवड्याला धुतला गेला पाहिजे. घामाचं मीठ भरलेला टॉवेल सॅंडपेपरसारखं काम करतो.

दाराकडची कड मात्र तीन-चार वर्षांत पुन्हा पातळ होईल. गाडीत शिरताना सगळं अंग त्याच जागेवरून घसरतं, त्याला इलाज नाही. म्हणून उरलेला रंग काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भर, हवा राहू देऊ नकोस, वर चिठ्ठी चिकटव: गाडी, तारीख, आणि पांढरा-पिवडी-गेरू-काळा किती थेंब. बाटली उन्हापासून लांब, घरातल्या कपाटात ठेव. गाडीच्या डिकीत नको, पहिल्या उन्हाळ्यातच त्याचं दही होईल.